जुन्या सावळवाडीचं लायसन

पुढे जाण्याचा हक्क माणसाला जन्मतःच मिळतो, मागे जाण्याचा हक्क मात्र कागदोपत्री सिद्ध करावा लागतो, हे एक थोर सत्य आहे. आप्पासाहेब बिराजदारांना ते कोणत्याही पोथीत सापडलं नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात, 'जिक्रा कॉम्प्युटर्स' नावाच्या दुकानात, मिरचीचं भजं तोंडात असताना ते त्यांना दुकानदार आसिफकडून कळलं, आणि नेमका तेव्हाच ठसका लागल्यामुळे पहिल्या खेपेला तर अर्धंच कळलं.

त्याचं असं झालं. आप्पासाहेबांचा जुना संगणक विजेच्या एका झटक्यात गेला. हैदराबादेत नोकरीला असलेल्या मुलाला, शिवमला, ही बातमी लागली आणि त्याने लगोलग नवाकोरा संगणक पाठवून दिला. मुलगा कर्तबगार निघाला की बापाची कुठलीच वस्तू जुनी राहू देत नाही. "बाबा, एकदम लेटेस्ट हाय. बिझनेस एडिशन घेतली तुमच्यासाठी," तो फोनवर म्हणाला. आप्पासाहेब जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्यांचा बिझनेस कसलाच नव्हता. असलाच तर बायकोचा होता. कस्तुराबाई तळमजल्यावर क्लासच्या पोरींसाठी खानावळ चालवत, आणि त्यांना संगणक लागत नसे, परात लागे.

नवा संगणक देखणा होता. जुन्यावर खाली कोपऱ्यात 'स्टार्ट' असं स्वच्छ लिहिलेलं बटण असायचं, ते जाऊन तिथे नुसती एक गोल गोटी आली होती. परीक्षा पास न झाल्यास पगारवाढ अडेल या धाकाने आप्पासाहेबांनी पन्नाशीनंतर जे काही संगणकज्ञान मिळवलं होतं, ते सगळं 'स्टार्ट'पासून सुरू होत असे. आता सुरुवातच गेली. पण तेही त्यांनी सोसलं असतं. सोसवलं नाही ते वेगळंच. नव्या संगणकात त्यांचं गाव उघडेना.

गाव म्हणजे जुनी सावळवाडी. भूकंपात ती पडली त्याला पंधरा वर्षं उलटून गेली होती. तिच्यापासून दोन-तीन मैलांवर सरकारनं नवी सावळवाडी वसवली. सरळ रस्ते, एकासारखं एक घर. इतकं एकासारखं, की पहिल्या वर्षी माणसं शेजाऱ्याच्या घरात शिरून जेवायला बसत आणि आमटी वेगळी लागली की उठत. त्या धामधुमीत नांदेडकडून इंजिनिअरिंगची काही पोरं पाहणीला आली होती. कुणाचं घर कुठे होतं याची नोंद करायची होती, आणि ढिगाऱ्यावर घरनंबर नसतो. तेव्हा आप्पासाहेब पुढे चालत आणि सांगत, पोरं मागून लिहून घेत. त्यातून त्यांनी संगणकाचा एक लहानसा प्रोग्राम तयार केला आणि जाताना आठवण म्हणून आप्पासाहेबांना एक प्रत दिली, ती त्यांनी पुढे सीडीवर उतरवून जपली होती. काळा पडदा, पांढरी अक्षरं. घरनंबर टाकला की घर यायचं: कर्ता कोण, खण किती, जनावरं किती, डावीकडे कोण, उजवीकडे कोण. एवढंच.

पण रोज दिवेलागणीला आप्पासाहेब लुंगी सोडून धोतर नेसत, डोक्यावर टोपी घालत, कारण गावातून बोडक्यानं हिंडायची रीत नव्हती, आणि खुर्चीत बसून वेशीपासून एकेक नंबर टाकत निघत. वेशीजवळ चांगुणाआत्या, चार खण, एक म्हैस. पुढे रत्नम्मा. तिच्याशी कानडीत बोलावं लागे, म्हणून तिथे ते "चन्नाग इद्दीरा?", म्हणजे बरं आहे ना, असं पुटपुटत आणि पुढे सरकत. काही घरांपाशी ते जरा जास्त थांबत. ती माणसं नव्या सावळवाडीत राहायला आली नव्हती. एक घर मात्र ते चुकवत. केरबाचं. सात खण, दोन देवणी बैल. बांधावरून जुना तंटा होता. केरबा नव्या गावात धडधाकट होता, सणासुदीला फोनवर गोडही बोलायचा. पण तंटा जुन्या गावातला होता, तो जुन्या गावातच पाळावा लागे.

"निघाली का स्वारी?" कस्तुराबाई खालून विचारत. "येताना कोथमीर आणा."

आता स्वारी वेशीबाहेरच अडली. नंबर टाकायची वेळच येईना. 'हा प्रोग्राम या संगणकाशी जुळत नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी येई आणि गाव मिटून जाई. त्यांनी शिवमला फोन लावला.

"बाबा, ते डॉसच्या जमान्यातलं हाय. आता कोण वापरतंय ते?"

"मी."

"अहो, सॅटेलाइटवरून बगा की. अख्खं गाव वरून दिसतं आता."

आप्पासाहेबांनी बघितलं. जुन्या सावळवाडीच्या जागी वेड्या बाभळी दिसत होत्या. चित्र अगदी खरं होतं. पण खरं बघायचं असतं तर त्यांना एसटी होती.

म्हणून ते आसिफकडे आले. आसिफचे वडील महेबूब याच दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे, तेव्हापासूनचा घरोबा. आसिफनं भजी मागवली, संगणक उघडून पाहिला आणि निकाल दिला. "काका, दहा मिन्टाचं काम. ही नवी विंडोज काढतो, जुनी टाकतो. सीडी हाय माझ्याकडं."

"ओरिजिनल हाय का?"

खानावळीत येऊन कुणी 'ताट चांदीचं आहे का' विचारावं, तसा आसिफचा चेहरा झाला. "काका, अख्खा ट्यूशन एरिया हिच्यावर डॉक्टर-इंजिनिअर बनून राहिला. कुणी विचारत न्हाई."

"मला विचारतील."

"कोण?"

आप्पासाहेबांनी मिरचीचं आणखी एक भजं उचललं. नव्या सावळवाडीतल्या त्यांच्या घराची चौकशी, ते त्या घरात एक रात्रही झोपलेले नसताना, कैक वर्षं चालली होती. घर कोणत्या वर्गातलं, खण कुणी मोजले, सही कुणाची. माणसाला फुकट मिळालेल्या घराचा एवढा जाच होतो, तर चोरून उघडलेल्या गावाचा किती होईल?

"एकदा भूकंपानं उठवलंय आसिफ," ते म्हणाले. "आता बेकायदा म्हणून उठवलं तर जाऊ कुठं?"

ही गोष्ट आसिफला समजली नाही, पण स्वर समजला. त्यानं संगणकासोबत आलेले कागद खोक्यातून काढले आणि बारीक अक्षरांवरून बोट फिरवत बसला. "थांबा काका. पोरानं बिझनेसवाली घेतली ना? मग नक्को चोरीबिरी. तुम्हाला हक्कच हाय. डाउनग्रेड म्हणतात त्याला. नवी विकत घेतली की जुनीत राहायची परवानगी तिच्यातच असती."

ठसका लागला तो इथे. पाणी पिऊन आप्पासाहेबांनी डोळे पुसले. "पुन्हा सांग. नवं घेतल्यावर जुन्यात राहता येतं?"

"हौ."

"लेखी?"

"लेखी. हे काय, इथं लिवलंय. पर फकस्त बिझनेसवाल्याला. होमवाल्याला न्हाई."

म्हणजे धंदा करणाऱ्याला मागे फिरता येतं, घर करणाऱ्याला येत नाही. आप्पासाहेबांनी यावर थोडा विचार केला. "आम्हाला नवं घर दिलं तवा जुनी जागा सोडल्याचं लिहून घेतलं व्हतं," ते म्हणाले. "त्यामानानं कंपनी लई भली हाय म्हणायची."

कंपनीचा भलेपणा कुठे संपतो तेही लवकरच कळलं. हक्क देतात, डिस्क देत नाहीत. जुनी विंडोज टाकायला जुनीचीच अस्सल डिस्क हवी, तिच्यावरची चावी, म्हणजे छापलेला लांबलचक नंबर, हवा, आणि ती आपली आपण पैदा करायची. आप्पासाहेब निघाले. ज्या शहरात प्रत्येक जिन्याखाली एक क्लास आणि प्रत्येक क्लासात संगणकांची रांग, तिथे अस्सल डिस्क नावाची वस्तू कुणाकडेच नव्हती. एका दुकानदारानं "ओरिजिनलचीच कॉपी हाय" असं छातीवर हात ठेवून सांगितलं. दुसऱ्यानं आतून सीडी आणली, ती भजनांची निघाली. तिसरा म्हणाला, "मुसळे सरांकडं हाय. काचंत ठिवलेली."

मुसळे सर म्हणजे गगनवेध क्लासेसचे मालक. त्यांच्या कार्यालयात करंडकांच्या कपाटात, गुणवंतांच्या फोटोंच्या मधोमध, ती डिस्क खरोखरच उभी होती. प्रवेशाला आलेल्या पालकांना सर ती लांबून दाखवत. "आमच्याकडं सगळं ओरिजिनल," असं म्हणत. पालक मान डोलावत आणि फीची चौकशी करत.

"मागं जायचंय म्हणता?" सरांना प्रश्नच कळेना. "आप्पासाहेब, आम्ही रात्रंदिवस पोरं पुढं ढकलून राहिलो, अन् तुम्ही या वयात रिव्हर्स टाकून राहिले?"

"थोडंच जायचंय सर. संध्याकाळपुरतं."

सरांच्या क्लासच्या पोरी कस्तुराबाईंकडे जेवत. दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचा विचार करून सरांनी कपाटाची किल्ली काढली. रिकाम्या जागी तात्पुरता एक गणपती ठेवला आणि डिस्क रुमालात गुंडाळून दिली.

आसिफनं जुनी विंडोज चढवली. 'स्टार्ट' परत आलं, तेव्हा आप्पासाहेबांना माहेरचं कुत्रं ओळखीनं शेपूट हलवतं तसं वाटलं. मग आसिफनं डिस्कवरची चावी टाकली आणि इंटरनेटवरून तिची नोंदणी करायला गेला. संगणकानं सांगितलं, ही चावी पूर्वीच वापरलेली आहे. थोड्या दिवसांत नोंदणी झाली नाही, तर सगळं बंद.

"घाबरू नका काका. हक्क हाय तुमचा. फक्त कंपनीला फोन करून सांगावं लागतं."

ही बातमी भाकरीबरोबर मुसळे सरांपर्यंत गेली. अर्ध्या तासात सर हेल्मेट न काढताच दुकानात हजर. "फोन? कशाला फोन? काय सांगणार तुम्ही त्यांना?"

"खरं ते सांगणार," आप्पासाहेब म्हणाले.

सर स्टुलावर बसले. ती एक डिस्क गगनवेध क्लासेसच्या तिन्ही मजल्यांवरच्या संगणकांत पोचलेली होती.

आसिफनं फोन स्पीकरवर टाकला. आधी एक मशीन बोललं. पडद्यावरचे आकडे वाचा म्हणालं. सहा-सहा आकड्यांचे गट, संपता संपेनात. आप्पासाहेबांनी ते जिल्हा परिषदेच्या सवयीनं, प्रत्येक गटाशेवटी "फक्त" असं म्हणत वाचले. मशीननं ते नाकारले. पुन्हा वाचले, पुन्हा नाकारले. शेवटी मशीन कंटाळलं आणि एक मुलगी आली. ती हिंदीतून, फार मायेनं बोलत होती.

"सर, यह कॉपी कितने कंप्यूटर पर इंस्टॉल है?"

 मुसळे सरांनी हेल्मेटमधून आप्पासाहेबांकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं.

"हमारे पास एकइच कंप्यूटर है, बाई," आप्पासाहेब म्हणाले. हे शंभर टक्के खरं होतं. सरांनी हेल्मेट काढलं.

"और सर, आप पुराने वर्ज़न पर वापस क्यों जाना चाहते हैं?"

"सॉफ्टवेअर चालत न्हाई म्हना," आसिफ कुजबुजला.

आप्पासाहेबांना ते ऐकूच आलं नाही. पंधरा वर्षांत त्यांना पुष्कळ लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. नव्या घरात का राहत नाही, नवं गाव का आवडत नाही, जुनं सोडवत का नाही. मागे का जायचंय, असं सरळ, समजून घेण्यासाठी, कुणी विचारलं नव्हतं.

"हमारा गाँव उधर है," ते म्हणाले.

"जी?"

"भूकंप में गिर गया ना. पुरानेवाले में दिखता है. नयेवाले में नहीं दिखता. मैं शाम को जाता हूँ. रोज नहीं गया तो... कौन किसके बाजू में था, भूलने लगा हूँ बाई. परसों रत्नम्मा के बाद कौन, यादइच नहीं आया." आणि पलीकडून आवाज येईना, तेव्हा त्यांना वाटलं, पुरावा कमी पडला. या भागातला माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं. खिशातून प्लॅस्टिक चढवलेला कागद काढून फोनसमोर धरला. "भूकंपग्रस्त का सर्टिफिकेट है मेरे पास. तहसीलदार का सही है. भेज दूँ क्या?"

आसिफनं कपाळाला हात लावला. मुसळे सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. पलीकडे कळफलक वाजल्याचा आवाज आला.

"सर, हमारे यहाँ भूकंप का ऑप्शन नहीं है," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "मैं 'अन्य' में डाल देती हूँ."

आप्पासाहेबांना यात काही वावगं वाटलं नाही. सरकारच्याही बऱ्याच तक्त्यांत ते 'इतर'मध्येच होते.

मग तिनं उलट आकडे सांगायला सुरुवात केली. आसिफ टाइप करत गेला. शेवटचा गट झाल्यावर तो बटण दाबणार, तेवढ्यात आप्पासाहेबांनी त्याचा हात धरला. "थांब. बाई, मैं पढ़ के दिखाता हूँ, आप तपासो." सगळे आकडे त्यांनी वाचून दाखवले. तिनं तपासले. एक चुकला होता, तो आसिफचा. दुरुस्त करून बटण दाबलं आणि पडद्यावर नोंदणी झाल्याची पाटी आली. जुन्या विंडोजमध्ये राहण्याचा आप्पासाहेबांचा हक्क कंपनीनं मान्य केला होता. कसलीही मुदत नव्हती.

"और कुछ सहायता, सर?"

"नहीं बाई. सुखी रहो."

मुसळे सरांनी डिस्क रुमालात गुंडाळली, पण उठले नाहीत. "आप्पासाहेब," ते म्हणाले, "आमचं आजोळ तिकडलंच. मामाच्या वाड्यापुढं मोठा औदुंबर व्हता. त्या गावाची मिळती का अशी सीडी?"

"न्हाई सर. आमच्या एकट्याच गावाची झाली."

"हां." सरांनी रुमाल उलगडून डिस्क बाहीला पुसली. "तसं परीक्षेला काही येत न्हाई म्हना त्याच्यावर." आणि हेल्मेट हातातच घेऊन गेले.

त्या दिवशी रविवार होता. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद. आप्पासाहेबांनी धोतर नेसलं, टोपी घातली आणि खुर्चीत बसले. काळा पडदा आला. पांढऱ्या अक्षरांनी घरनंबर विचारला. त्यांनी वेस सोडून थेट केरबाचा नंबर टाकला.

"केरबाचं घर?" मागून आवाज आला. हाताला काम नसल्यामुळे कस्तुराबाई वर आल्या होत्या. "बोलणं न्हाई ना तुमचं?"

"बोलून कुठं राहिलो? बैल हायत का ते बगून राहिलो."

बैल होते. कस्तुराबाईंनी चष्मा लावला आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या. एवढ्या वर्षांत प्रथमच. आप्पासाहेबांनी टोपी नीट केली आणि रत्नम्माचा नंबर टाकला. उजवीकडे कोण ते आलं. ते मनात घोळवत ते पुढे निघाले.

"दानम्माचं दाखवा," त्या म्हणाल्या.

दानम्मा आली. तीन खण, एक शेळी.

"दोन व्हत्या."

"एकच सांगितली व्हती म्या पोरांना."

"तुम्हाला काय ठावं? दुसरी गाभण व्हती म्हणून आत बांधायची ती." कस्तुराबाई पडद्याकडे बघत राहिल्या. दानम्मा नव्या गावात राहायला आली नव्हती. मग पदरानं चष्मा पुसून त्या म्हणाल्या, "बरं, चला आता विहिरीवर."

आप्पासाहेबांचं बोट कळफलकावर थांबलं. "विहिरीला नंबर न्हाई."

"म्हंजी?"

"ह्याच्यात घरंच हायत. त्यांनी घरं विचारली, म्या घरं सांगितली."

"विहीर सांगितलीच न्हाई तुम्ही?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आम्ही बाया दिवसातनं दोन टाइम जिथं भेटायच्या, हसायच्या, रडायच्या, तीच न्हाई? दानम्मा घरात कवा बसायची? ती मला भेटली ती विहिरीवरच. अन् एवढ्या घरांना पाणी कुठनं यायचं?"

"आता संगणकात पाणी कशाला लागतंय, कस्तुरा?"

"तुम्हाला तवाबी लागत नव्हतं. भरलेला हंडाच दिसायचा तुम्हाला."

आप्पासाहेबांना सांगावंसं वाटलं की नांदेडची पोरं आता कुठेतरी मोठे साहेब असतील, त्यांचा पत्ता काढू, विहीर घालून घेऊ. पण मागे जायचं लायसन त्यांच्याकडे होतं, गाव दुरुस्त करायचं नव्हतं. त्यांनी नुसतं विचारलं, "ती कुठं व्हती नेमकी? पाटलाच्या मागं, का देवळाच्या?"

"बगा. इचारून राहिले." कस्तुराबाईंना हसू आलं. "देवळाच्या मागं. चिंचंखालून खाली उतरायचं. पहिली पायरी निसटलेली व्हती, तिच्यावर..."

तेवढ्यात खाली गल्लीत कुणीतरी ओरडलं, "नळ आलाऽऽ!"

कस्तुराबाई वाक्य तिथेच टाकून उठल्या. आप्पासाहेबांनी टोपी काढून संगणकावर ठेवली, धोतराचा सोगा खोवला आणि दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन त्यांच्या मागे जिना उतरले. नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि पाऊण तासात जायचा.